आभाळ कुणाच्या खात्यावर?

नाटक आवडलं नाही तर माणूस मध्यंतरात उठतो, एक बटाटेवडा खातो आणि घरी जातो. पुस्तक आवडलं नाही तर ते भाच्याच्या मुंजीत आहेर म्हणून खपवता येतं. गाणं नको झालं तर रेडिओचा कान पिळावा. इमारतीचं मात्र तसं नाही. ती आवडो न आवडो, सकाळी दात घासताना खिडकीतून तीच दिसते आणि पुढची साठ वर्षं तीच दिसणार असते. तरीही आपल्याकडे नाटकाचं परीक्षण छापून येतं, पुस्तकाचं येतं, हॉटेलातल्या मिसळीचंसुद्धा येतं. इमारतीचं येत नाही. इमारतीची फक्त जाहिरात येते.

ही उणीव भरून काढायचं मी मनावर घेतलं आहे. आता, वास्तुशास्त्रातलं मला काय कळतं, असं कुणी विचारील. काही कळत नाही. मी बी. कॉम. असून एका बँकेत कारकून आहे. पण उंच इमारतीबद्दल बोलायला वास्तुशास्त्र लागतंच असं नाही. ती बघताना मान दुखली, की तेवढी पात्रता पुरते. शिवाय कुठल्याही व्यवहारात जमा कुणाच्या खात्यावर झालं आणि नावे कुणाच्या पडलं, हे बघायची मला वीस वर्षांची सवय आहे. उंच इमारतीच्या बाबतीत नेमकं तेवढंच कुणी बघत नाही, असा माझा अनुभव आहे.

मी राहतो महाळुंग्याला. चाकणजवळचं महाळुंगे वेगळं. ते खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे. आमचं मुळशी तालुक्यातलं, मुळेच्या काठचं. दोघांच्या नावात गोंधळ इतका, की आमच्या घरी येणारं एक कपाट आधी चाकण बघून आलं. महाळुंग हे लिंबाच्या जातीचं एक जाडजूड फळ आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. आमच्या गावात मात्र ते कुणाच्या हातात मी अजून बघितलेलं नाही. इथे प्रत्येकाच्या हातात फ्लॅटचं माहितीपत्रक असतं.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडा संकुल झालं, तेव्हा पुण्याचे लोक इथे यायला डबा बांधून निघत. मग नदीपलीकडे हिंजवडीला संगणकवाले आले. ३० जून २०२१ ला तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आम्हीही गेलो. गाव रात्री झोपलं ते ग्रामपंचायतीत आणि सकाळी उठलं ते महापालिकेत. आणि उठून बघतं तो काय, समोर टॉवर!

या टॉवरांच्या नावांची एक गंमत आहे. कुठे हिल आहे, कुठे रिव्हर आहे, कुठे स्काय आहे. ज्या इमारतीमुळे टेकडी दिसेनाशी होते तिच्या कमानीवर टेकडीचं नाव इंग्रजीत लागतं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण आजोबा गेल्यावर. इथेही पद्धत तीच.

तर आमच्या सोसायटीसमोरच्या प्लॉटला गेल्या वर्षी पत्र्याचं कुंपण लागलं आणि कुंपणावर पस्तीस मजली टॉवरचं रंगीत चित्र लागलं. माझ्या परीक्षणाचा विषय हे चित्र. टॉवर अजून व्हायचा आहे, तेव्हा चित्रावरच बोलणं भाग आहे.

चित्र सुंदर आहे यात शंका नाही. आभाळ निळंभोर आहे. विजेची एकही तार नाही. रस्त्यावर एकूण सात माणसं आहेत, त्यांतली चार कुत्रा फिरवताहेत, एक बाई हातात फुगा घेऊन हसते आहे. पाण्याचा टँकर नाही, पाणीपुरीची गाडी नाही, उलट्या दिशेनं येणारी मोटारसायकल नाही. आमची सोसायटी तर अजिबात नाही. तिच्या जागी चित्रकारानं झाडं काढली आहेत. अकरा वर्षं हप्ते भरलेल्या फ्लॅटच्या जागी गुलमोहर बघून माणसाला कसं वाटतं, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही.

पण चित्राचा खरा दोष वेगळाच आहे. ते काढलं आहे आभाळातून. घार जिथे घिरट्या घालते तिथून हा टॉवर असा दिसेल. महाळुंग्यात त्या उंचीवर कुणी उभं राहत नाही. आम्ही उभे राहतो बसथांब्यावर, रेशनच्या रांगेत, फार तर गच्चीवर पापड घालताना. तिथून तो कसा दिसेल याचं चित्र कुठे लावलेलं नाही. घारीची मात्र सोय झाली आहे.

चित्र लागल्यावर सोसायटीच्या सभेत प्रतिक्रिया उमटल्या. वार्षिक सभेला एरवी कोरमसाठी माणसं घरातून ओढून आणावी लागतात. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. माझ्या सवयीप्रमाणे मी सभासदांची खातेनिहाय वर्गवारी केली.

पहिले चालू खातेवाले. त्यांचा उत्साह रोजचा रोज जमा होतो आणि रोजचा रोज खर्च होतो. ते म्हणाले, "वा! आता महाळुंग्याचं सिंगापूर होणार." सिंगापूरला यांच्यापैकी कुणी गेलेलं नव्हतं. एकाचा मेहुणा गेला होता.

दुसरे बचत खातेवाले. त्यांना इमारत उभी आहे की आडवी याच्याशी कर्तव्य नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्या फ्लॅटचे भाव चढतील का?" चढतील म्हटल्यावर त्यांना टॉवर देखणा वाटला. पुढे कुणीतरी म्हणालं, समोरचा देखावा गेल्यावर भाव उतरतीलही. त्याबरोबर तोच टॉवर त्यांना बेढब वाटू लागला. सौंदर्यदृष्टी इतकी लवचीक असलेली माणसं मी फक्त वधूसंशोधनात पाहिली आहेत.

तिसरे मुदत ठेववाले, म्हणजे वयस्कर मंडळी. त्यांना ऊन हवं होतं. "हिवाळ्यात संधिवाताला साडेचार-पाचचं ऊन लागतं, ते कोण देणार?" असं एका आजींनी विचारलं. सभेत हा एकच प्रश्न अर्थपूर्ण होता. इतिवृत्तात तोच लिहायचा राहिला.

चौथे लॉकरवाले. ते काही बोलत नाहीत. सगळ्यांबरोबर मान हलवतात. त्यांच्यातल्या दोघांनी समोरच्या टॉवरमध्ये तीन खोल्यांच्या फ्लॅटची चौकशी करून ठेवली होती, हे पुढे वॉचमनकडून कळलं.

अखेर आमचे सेक्रेटरी उठले. ते वाचणारे गृहस्थ आहेत. म्हणाले, "आयफेल टॉवरलासुद्धा लोकांनी अशाच शिव्या घातल्या होत्या." सभा गार पडली. आयफेल टॉवर म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

हा मुद्दा उंच इमारतीच्या प्रत्येक वादात निघतो, म्हणून तो जरा तपासून घेऊ. घटना खरी आहे. १४ फेब्रुवारी १८८७ ला पॅरिसच्या 'ल ताँ' या वर्तमानपत्रात टॉवरविरुद्ध निषेधाचं पत्र आलं. तेव्हा पाया खणायला सुरुवात होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. सही करणाऱ्यांत कथाकार मोपासाँ होता, संगीतकार गूनो होता, पॅरिसचं ऑपेरागृह बांधणारा गार्निए होता. टॉवर १८८९ ला झाला. परवानगी वीसच वर्षांची होती. मुदत संपल्यावर तो उतरवायचाही असता, पण बिनतारी संदेशांना त्याची उंची उपयोगी पडली आणि तो वाचला. पुढे मोपासाँ जेवायला टॉवरवरच्याच उपाहारगृहात जायचा, असं सांगतात. कारण काय, तर सबंध पॅरिसात तेवढीच एक जागा अशी होती की तिथून टॉवर दिसत नव्हता.

पण सेक्रेटरी अर्धंच वाचून उठले. त्याच पॅरिसात १९७३ साली माँपारनास टॉवर उभा राहिला, २१० मीटरचा, काळपट ठोकळा. त्यालाही लोकांनी शिव्या घातल्या. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली, शिव्या चालू आहेत. 'इथून पॅरिस सगळ्यात छान दिसतं, कारण इथून हा टॉवर दिसत नाही,' हाच विनोद त्याच्याबद्दलही करतात. पण मोपासाँचा किस्सा लोक लाडानं सांगतात आणि हा विनोद दात ओठ खाऊन. १९७७ साली शहरात इमारतींना ३७ मीटरची मर्यादाच घालून टाकली. म्हणजे लोकांनी शिव्या घातल्या एवढ्यावरून टॉवर चांगला ठरत नाही, जसं हेडऑफिसनं मेमो दिला एवढ्यावरून कारकून प्रामाणिक ठरत नाही.

मग दोघांत फरक काय? मला माझ्या पद्धतीनं असं दिसतं. आयफेल टॉवर आभाळ घेतो ते थोडं, आणि घेतो त्यातलं बरंचसं जाळीतून परत देतो. त्याच्या चार पायांखालून माणसं जातात. माँपारनासचा ठोकळा आभाळ घेतो, परत काही देत नाही. उंची दोघांना आहे. फरक परतफेडीचा आहे. उंच इमारतीचं परीक्षण करताना मी ही एकच कसोटी लावतो. वरच्यांना काय मिळालं ते माहितीपत्रकात असतंच. खालच्यांना काय मिळालं?

ही कसोटी आमच्या समोरच्या टॉवरला लावून बघू. पस्तीस मजल्यांतले पहिले सहा मजले गाड्यांचे. म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला त्या टॉवरचा पस्तिसावा मजला दिसायचाच नाही. त्याला दिसणार सहा मजले उंचीची जाळीदार भिंत आणि जाळीमागे गाड्यांचे दिवे. आमच्याकडे वाद चालतो तो टॉवरचा माथा निमुळता असावा की चपटा असावा यावर. माथा बघणार घार. आपल्याला बघायचं आहे ते पाऊल. सुनेची वेणी कशी आहे यावर घरात महिनाभर चर्चा व्हावी आणि ती उंबऱ्यातून आत कशी आली हे कुणी बघूच नये, तसा हा प्रकार. तळाशी दोन दुकानं, बसायला एक कट्टा, सावलीचा फूटपाथ एवढं दिलं असतं तर वर पस्तीस काय आणि चाळीस काय, निम्मी तक्रार तिथेच मिटली असती.

दुसरं, काच. चित्रात पश्चिमेची सगळी बाजू काचेची आहे. पुण्याच्या एप्रिलमध्ये पश्चिमेला काच लावणं म्हणजे तव्यावर बसून पंखा लावणं. शिवाय काच ऊन गिळत नाही, समोरच्याकडे फेकते. लंडनला २०१३ साली फेनचर्च स्ट्रीटवर एका बांधकाम चालू असलेल्या टॉवरच्या अंतर्वक्र काचांनी ऊन असं एकवटलं, की खाली उभ्या केलेल्या एका जॅग्वार मोटारीचे भाग वितळले. एकानं तर त्या उन्हात फूटपाथवर अंडं तळून दाखवलं. हे लंडनचं ऊन! आमच्याकडे तेवढ्यात सबंध पोळ्यांचा स्वयंपाक होईल.

तिसरं, पाणी. २०१६ साली पाण्याच्याच प्रश्नावरून शेजारच्या बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या मुंबई उच्च न्यायालयानं काही काळ रोखल्या होत्या. टँकरच्या पाण्याला पस्तिसाव्या मजल्यावर चढवायला पंप मिळतो. टँकरमध्ये पाणी कुठून चढवायचं ते चित्रात दाखवलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं वाटतं तर कोर्टात जा. आमच्या सभेतही तसा ठराव आला, म्हणून मी चौकशी केली. निघालं असं, की याचं मूळ १६१० सालच्या इंग्लंडातल्या डुकरांच्या खुराड्यात आहे. विल्यम आल्ड्रेड नावाच्या माणसाच्या घराला खेटून शेजाऱ्यानं डुकरं पाळली. आल्ड्रेड कोर्टात गेला. कोर्टानं घाणीबद्दल त्याच्या बाजूनं कौल दिला, पण जाता जाता असंही सांगून टाकलं, की उजेड आणि हवा अडवली तर दाद मागता येते, देखावा अडवला तर नाही. कारण देखावा ही निव्वळ आनंदाची बाब आहे, गरजेची नाही. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही, घराला उजेड-वारा वीस वर्षं बिनतक्रार मिळाला तर त्यावर हक्क लागतो. देखाव्यावर लागत नाही. आमची सोसायटी अकरा वर्षांची. म्हणजे उन्हावर हक्क लागायला अजून नऊ वर्षं, आणि टॉवर होणार तीन वर्षांत.

बरं, टॉवरला परवानग्या काही कमी लागत नाहीत. अग्निशमन दलाची लागते. बांधकाम वीस हजार चौरस मीटरवर गेलं तर पर्यावरणाची लागते. विमानांसाठी उंचीची लागते. आभाळात विमानाला भलताच मान आहे. मुंबईत वरळीचा वर्ल्ड वन हा टॉवर आधी ४४२ मीटरचा व्हायचा होता. विमानतळवाल्यांकडून तेवढी उंची मिळाली नाही आणि तो २८० वर थांबला. चौरस फुटांनाही मान आहे. मुंबईतच ब्रीच कँडीजवळच्या प्रतिभा या छत्तीस मजली इमारतीचं बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त निघालं, तेव्हा महापालिकेनं वरचे आठ मजले पाडायला सांगितले. सोसायटी म्हणाली, वरून कापण्याऐवजी उभा काप घेऊ द्या, जणू केकच होता तो! १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं तेही ऐकलं नाही. म्हणजे चौरस फूट चोरले तर पकडतात. डोंगर चोरला तर पकडत नाहीत, कारण तो कुणाच्या नावावर लिहिलेलाच नाही. परवानगीच्या इतक्या अर्जांत 'या इमारतीमुळे किती माणसांना काय दिसेनासं होईल?' असा रकाना कुठेच नाही. आणि ज्याला रकाना नाही ते हिशेबात नाही, हे कुठल्याही कारकुनाला कळतं.

पुण्याला ही जाण कधीच नव्हती असं म्हणवत नाही. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला. सांगतात, की वाडा दगडात उठायला लागल्यावर साताऱ्याहून हरकत आली, दगडाची वास्तू बांधायचा मान छत्रपतींचा, पेशव्यांचा नव्हे. म्हणून वरचे मजले विटांचे झाले. उंच इमारतीवर पुण्यात आलेली ही बहुधा पहिली हरकत, आणि ती ऐकली गेली. त्याच वाड्याच्या मेघडंबरीवरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा, असंही सांगतात. मेघडंबरी १८२८ च्या आगीत गेली. वाड्याची बखर होते, कळस दिसण्याच्या त्या सरळ रेषेची कुणी नोंद ठेवली नाही. लंडनला ती ठेवतात. तिथे रिचमंड पार्कमधल्या एका उंचवट्यावरून सेंट पॉलचा घुमट दिसतो, सुमारे सोळा किलोमीटरवरून. तो दिसत राहावा म्हणून झाडीत एक झरोका राखलेला आहे आणि त्या रेषेला नियमांचं संरक्षण आहे. फ्लीट स्ट्रीटवरून हाच घुमट दिसावा म्हणून २०१४ साली पुऱ्या झालेल्या लेडनहॉल बिल्डिंगनं पाचरीसारखी माघार घेत आपलं अंग चोरलं आहे. एवढा श्रीमंत टॉवर, पण वडीलधारं माणूस दिसल्यावर बाजूला सरकला!

हे सगळं फक्त खालच्या मजल्यावरच्यांचं रडगाणं आहे असं समजू नका. गावातले एक आजोबा माझ्या काउंटरवर पासबुक भरून घ्यायला येतात. त्यांची जमीन विकसनाला गेली, बदल्यात सत्ताविसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. त्यांना एकदा विचारलं, "काय आजोबा, वरून झकास दिसत असेल?"

"वरनं समदं दिसतंय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पर वळखू काय येत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं, की आपलं शेत कुठं होतं ते शोधायला दोन खुणा होत्या. नदीचं वळण आणि एक चिंच. चिंच मागल्या वर्षी गेली. आता वळण धरून अंदाजानं बोट दाखवायचं, नातवाला सांगायचं, तिथं आपलं भाताचं खाचर होतं. आणि आमच्या समोरचा तो पस्तीस मजली टॉवर नेमका त्या वळणावर आडवा येतो आहे. म्हणजे ज्यांच्या टॉवरमुळे आमची टेकडी गेली, त्यांची नदी आता दुसऱ्या टॉवरमुळे जाणार. त्यांची तक्रार सत्ताविसाव्या मजल्यावरची, आमची तिसऱ्या मजल्यावरची. खातं मात्र एकच.

टीकाकारानं नुसते दोष काढू नयेत, उपायही सांगावा, असं म्हणतात. उपाय माझा नाही, स्वित्झर्लंडचा आहे. तिथे नवी इमारत बांधायची तर आधी त्या जागेवर उंच खांब रोवून तिचा सांगाडा दाखवावा लागतो. कोपरा इथे येणार, छप्पर एवढं चढणार. हरकतींची मुदत संपेपर्यंत खांब तसेच ठेवतात. शेजारी आपापल्या खिडकीतून बघतात आणि मग काय ते बोलतात. त्याला वास्तुशास्त्र लागत नाही.

महाळुंग्याला बांबूंचा तोटा नाही. गणपतीच्या मांडवाला लागतात तेवढे आहेतच. पस्तीस मजल्यांना बांबू पुरणार नाही हे मला कळतं. मग चार कोपऱ्यांना चार फुगे सोडा दोरी बांधून, टॉवरच्या उंचीइतके. त्या चित्रातल्या बाईच्या हातात एक फुगा आहेच. आठवडाभर लोकांना बघू द्या. आजींना साडेचारला गच्चीवर उभं राहून सावली कुठे पडेल ते बघू द्या. आजोबांना वळण शोधू द्या. त्यानंतरही टॉवर होईलच, हे मी जाणून आहे; पण कदाचित चार हात सरकून होईल, कदाचित खाली कट्टा ठेवून होईल.

आमच्या बँकेत स्वतःच्या खात्यातले पाचशे रुपये काढायचे तरी स्लिप भरावी लागते आणि सही जुळावी लागते. सबंध गावाचं आभाळ काढून घेताना निदान एक स्लिप तरी भरून घ्यावी. सही जुळते की नाही ते मी बघतो.